खोडव्यातलं पाचट कुजत नाही? या चुका टाळा

खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाच्या, सरीत पाचट (उसाची वाळकी पात) दाबलं, कुजवणारं संवर्धन, म्हणजे वाढवलेली जिवंत बुरशी, टाकलं, तरी दोन महिन्यांनी पात तशीच कडक. मग संवर्धनाला दोष देऊन पुढच्या वर्षी फड पेटवला जातो. हेक्टरी 8-10 टन सेंद्रिय माल डोळ्यांदेखत जळतो, याचं फार वाईट वाटतं.

संवर्धनातली बुरशी आधी पचवते, मग खाते. तिची विकरं, म्हणजे एन्झाइम, शरीराबाहेर पडून पातीची पेशीभित्तिका फोडतात आणि विरघळलेली साखर बुरशी शोषते. ट्रायकोडर्मा या कुजवणाऱ्या बुरशीची काही विकरं सेल्युलोजचा, म्हणजे ग्लुकोज साखरेच्या लांब साखळीचा, धागा मधेच तोडतात, काही टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजचे जोड सोलतात, तर एक विकर तो जोड फोडतं. हे सगळं पाण्याच्या पातळ थरातच घडतं. म्हणून कोरड्या पाचटावर संवर्धन भुरभुरणं ही सर्वांत मोठी चूक. आधी पाचटाची कुट्टी करा, म्हणजे बारीक तुकडे करा, ते भिजवा, मग शेणखतात मिसळलेलं संवर्धन संध्याकाळी टाका आणि थोडी माती चढवा.

कुट्टी का? दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याच्या सुती तंबूंचा फडशा पाडणारी बुरशी पुढे ट्रायकोडर्मा रीसी म्हणून प्रसिद्ध झाली. पण कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. उसाच्या पातीत त्याभोवती हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या चिवट घटकांचं कवच असतं, आणि लिग्निन फोडणं ट्रायकोडर्माला फारसं जमत नाही. पात जितकी बारीक, तितक्या जास्त ठिकाणी विकरांना आत शिरायला वाट मिळते.

युरिया वाचवणं ही दुसरी चूक. विकर हे प्रथिन, त्याला नत्र लागतं. पाचटात कर्ब भरपूर, नत्र नावालाच. बाहेरून नत्र दिलं नाही तर सूक्ष्मजीव ते जमिनीतून उचलतात आणि फुटवे पिवळे पडतात. टनभर पाचटामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो संवर्धन, हे प्रमाण पाळा.

गुळाचं पाणी मात्र सढळ हाताने ओतू नका. आयती साखर मिळाली की ट्रायकोडर्मा सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारी विकरं, बनवणं आवरतं घेते. संवर्धन वाढवायला गूळ ठीक, पाचटावर नको.

बुडख्यांवर कार्बेन्डाझिम फवारताना ते पाचटावर उडू देऊ नका. ते बुरशीनाशक आहे, ट्रायकोडर्मालाही मारतं. फवारणी आणि संवर्धन यांत काही दिवसांचं अंतर ठेवा.

सरीत पाणी तुंबवलं तरीही काम अडतं, कारण लिग्निन फोडायला ऑक्सिजन लागतो. मूठभर पाचट उचलून हुंगा. मातीचा वास आणि पांढरे तंतू दिसले तर चाललंय ते बरोबर. आंबूस वास आला तर पाण्याची पुढची पाळी लांबवा आणि थर हलवून मोकळा करा.