एसटीतून उतरल्यानंतरची दोन मिनिटं

मी एसटीत वाहक होते. दापोली, मंडणगड, खेड, चिपळूण या बाजूचे रस्ते, मधूनच मुंबईची लांब पल्ल्याची गाडी. अपघात म्हटलं की लोक घाटाचं बोलतात. पण माझ्या डोळ्यांसमोर जी माणसं पडली, जी थोडक्यात वाचली, ती बहुतेक गाडीच्या दारात, नाहीतर उतरल्यावर रस्त्यात. म्हणून आधी तेच सांगते.

उतरायचं असेल तर एक थांबा अलीकडेच वाहकाला सांगा. गुडघे दुखत असतील, सोबत लहान मूल असेल, सामान जास्त असेल तर तेही सांगा. मग आम्ही पाय जमिनीला लागेपर्यंत घंटी देत नाही. एक घंटी थांबायची, दोन निघायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून घाईतला एखादा प्रवासी स्वतःच दोरी ओढतो. तेव्हा मागच्या आजीचा एक पाय पायरीवर आणि एक हवेत असू शकतो. दोरीला हात लावू नका. उतरताना एक हात दांडीवर हवाच. पिशव्या आधी खाली कुणाकडे द्या, छत्री खाली उतरल्यावर उघडा, साडीचा पदर किंवा रेनकोटचं टोक हातात गोळा करून घ्या. मासळीच्या पाटीतलं पाणी पायरीवर सांडलं की लोखंड तेलासारखं निसरडं होतं. मासे घेऊन येणाऱ्या बायांना मी पाटीखाली प्लास्टिक अंथरायला सांगायचे आणि त्या ऐकायच्याही.

आता उतरल्यानंतरचं. गाडीच्या पुढून रस्ता ओलांडू नका. कधीच नाही. चालक उंचावर बसलेला असतो, गाडीला चिकटून पुढून जाणारं दप्तरवालं पोर त्याला दिसत नाही. आणि एसटीला मागे टाकून येणाऱ्या डंपरला तर तुम्ही शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. मागून ओलांडलं तरी तेच, समोरची गाडी अंगावर येईपर्यंत आडोसाच असतो. रस्त्याच्या कडेला, डांबर सोडून उभे राहा. एसटी निघून जाऊ दे. दोन्ही बाजू मोकळ्या दिसल्या की मग चला. मुंबई-गोवा महामार्ग जिथे चौपदरी झाला तिथे तर याची फारच गरज आहे. आमच्या गावची म्हातारी माणसं जुन्या अरुंद रस्त्याच्या सवयीने निघतात, आणि आता तिथे मोटारी केवढ्या वेगाने येतात! दुभाजक असला तरी दोन्हीकडे बघा, उलट दिशेने येणारे दुचाकीवाले कमी नाहीत. शाळेची मुलं एकत्र उतरतात, त्यांच्यातल्या मोठ्या मुलाला मी रोज सांगायचे, "सगळ्यांना धरून ठेव, लाल गाडी वळणाआड गेली की मग सोड."

स्थानकातही असंच. गणपतीत गाडी फलाटाला लागायच्या आधीच लोक खिडकीतून रुमाल टाकायला धावत सुटतात. चाकाजवळ धावू नका, जागेपेक्षा पाय मोठा. फलाटावरून गाडी मागे घेताना वाहक शिट्टी मारत असतो. ती ऐकू आली की मोबाइल खाली करून मागे बघा आणि बाजूला व्हा.

गाडीत बसल्यावर कोपर आत ठेवा. आमच्याकडे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, रस्त्याला अगदी लागून असतात, पावसाळ्यात फांद्या खिडकीत शिरतात, आणि घाटात दोन गाड्या हातभर अंतराने एकमेकींना वाट देतात. मुलांना घाटात ओकारी येते म्हणून आया त्यांचं डोकं खिडकीबाहेर काढतात, ते बघून माझ्या छातीत धस्स व्हायचं. मुलाला पुढच्या बाकावर बसवा, निघताना पोटभर खायला घालू नका, दोन पिशव्या जवळ ठेवा आणि ओकारी पिशवीतच होऊ द्या. गरोदर बाई किंवा कंबरदुखीचं माणूस शेवटच्या बाकावर नको. गतिरोधकावर तिथला माणूस उडतो आणि मणक्याला मार बसतो. मधली जागा बरी. गणपतीची मूर्ती मांडीवर घ्या, वरच्या फळीवर नको. आणि संकटकाळी बाहेर पडायचं दार कुठे आहे ते बसल्याबसल्या पाहून ठेवा. त्यासमोर आंब्याच्या पेट्या रचल्या असतील तर वाहकाला हलवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. रॉकेल, पेट्रोल, फटाके गाडीत आणूच नका.

पुलावर पाणी आलं आणि चालक थांबला की मागून आवाज सुरू होतात, "अहो घाला, आत्ताच टेम्पो गेला!" कृपा करून असं बोलू नका. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या आमच्या दोन गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. पुढे पूल उरला नाही, हे त्या अंधारात चालकांना कळायला मार्गच नव्हता. गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की खचलाय, हे दिवसासुद्धा वरून दिसत नाही. थांबलेल्या चालकाला "थांबा, आम्हाला घाई नाही" असं एकाने जरी म्हटलं तरी त्याला बळ येतं. स्वतःही उतरून पाण्यातून चालत जाऊ नका. घरी फोन करा आणि गाडीतच किंवा जवळच्या उंच जागी थांबा.

चालक गाडी चालवताना मोबाइलवर बोलत असेल तर त्याच्याशी भांडू नका, त्याचं लक्ष आणखी उडेल. वाहकाला सांगा. तरी फरक पडला नाही तर गाडीचा नंबर, वेळ आणि मार्ग लिहून घ्या आणि पुढच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रकाकडे लेखी तक्रार द्या.

अपघात झालाच तर 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108. घाटात रेंज जाते, म्हणून एकाने लगेच वळण ओलांडून किंवा जाणाऱ्या गाडीतून रेंजमध्ये पोचावं आणि घाटाचं नाव, किलोमीटरचा दगड, मागे गेलेलं शेवटचं गाव सांगावं. तिकीट मात्र घरी पोचेपर्यंत फेकू नका. तुम्ही त्या गाडीत होतात याचा तो पुरावा आहे, आणि नुकसानभरपाईच्या वेळी सगळ्यात आधी तेच मागतात.