नर्स-शिक्षकांच्या ताणावर प्रबंध लिहिताय? निदान या चुका टाळा

'परिचारिकांमधील कार्यताण', 'शिक्षकांचे मनोसामाजिक कार्यवातावरण' असले प्रबंध दरवर्षी माझ्याकडे तपासायला येतात. चुका मात्र त्याच त्या.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे प्रश्नावलीचे फॉर्म मेट्रनच्या, म्हणजे सिस्टरच्या वरिष्ठांच्याच, हाती सोपवणं. माझ्या एका विद्यार्थिनीनं १२० फॉर्म असे दिले. तीन दिवसांत सगळे भरून परत, त्यामुळे पोरगी खूश. मी गठ्ठा चाळायला घेतला. 'वरिष्ठांची मदत मिळते का?' याला जिकडेतिकडे 'नेहमी'. वर वॉर्ड आणि सेवेची नेमकी वर्षं विचारलेली. सतरा वर्षं झालेल्या सिस्टर एका वॉर्डात असून असून किती असणार? नाव नसलं तरी ओळखू येणारच. ती कशाला खरं लिहील! एका फॉर्मच्या मागे पेन्सिलीनं बारीक अक्षरात होतं, 'ताई, बाहेर भेटा, सांगते.' सगळा डेटा बाद केला. दुसऱ्या फेरीत ७० च्या आसपासच फॉर्म आले, पण 'कधीच नाही'वर खुणा दिसायला लागल्या.

तेव्हापासून माझ्याकडे बंद पाकीट आणि कुलूपाची पेटी. वॉर्ड हवाच असेल तर सेवेची वर्षं गटात विचारायची. नाइटवाल्या सिस्टर सकाळी ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवून, निघाल्या की गाठायच्या. पहाटे उठायचा कंटाळा असेल त्यानं दुसरा विषय घ्यावा. शाळेत हेडमास्तरांच्या टेबलावर गठ्ठा ठेवणाऱ्यांनाही हेच लागू.

भाषांतराचं तर बोलायलाच नको. कार्यताणाचा अभ्यासक करासेकनं १९७९ मध्ये कामाचा रेटा आणि कामातले निर्णय घेण्याची मुभा (इंग्रजीत 'डिसिजन लॅटिट्यूड') अशी जोडी मांडली. एका पठ्ठ्यानं इंग्रजी मजकूर मशीनमध्ये टाकला आणि त्या मुभेचं झालं 'निर्णय अक्षांश'. सिस्टरची भूगोलाची तोंडी घ्यायची होती काय? मी प्रत्येक प्रश्न आधी दोन सिस्टरना मोठ्यानं वाचून दाखवते. कपाळाला आठी पडली की वाक्य बदलायचं. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाकडून उलट इंग्रजीत करून घ्यायचं.

बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणानं पार गळून जाणं, मोजणाऱ्या मॅस्लॅकच्या प्रश्नावलीच्या तीन भागांची सरसकट बेरीज करू नका. थकवा आणि माणसांशी वागण्यातला कोरडेपणा यांचे गुण जास्त असणं वाईट, कर्तृत्वाच्या भावनेचे जास्त असणं चांगलं. ती वापरायला परवाना लागतो, हेही व्हायव्हाच्या आदल्या रात्री आठवू नये.

बर्नआउटला 'आजार' लिहू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच स्पष्ट केलंय की ती कामाशी निगडित घटना आहे, वैद्यकीय आजार नाही.

कष्ट आणि मोबदला यांचा तोल बिघडला की ताण येतो, या सीग्रिस्टच्या मांडणीत मोबदला म्हणजे नुसता पगार नाही. मान आणि नोकरीची शाश्वतीही त्यात येते. म्हणून शिक्षणसेवक आणि कायम शिक्षक यांची एकच सरासरी काढलेली दिसली की माझं डोकं फिरतं.

शिक्षकांचा सर्व्हे इलेक्शन ड्युटीच्या आठवड्यात नको. आणि ताणानं राजीनामा देऊन गेलेल्या सिस्टरचा फॉर्म तुमच्या गठ्ठ्यात नसतो, हे निष्कर्षाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.