रास्पबेरी पायवरची स्पीड टेस्ट ९४ एमबीपीएसच्या पुढे जाईना: माझा अनुभव

इंटरनेटची लाइन ३०० एमबीपीएसची, पण नेटवर्कवर लक्ष ठेवायला लावलेल्या रास्पबेरी पाय ३बी या छोट्या कॉम्प्युटरवर टेस्ट कायम ९४ वर अडकायची. केबल बदलली, राउटरचा पोर्ट बदलला, सेवा देणाऱ्यांशी उगाच वाद घातला. आठवडा फुकट गेला.

शेवटी नेटवर्क पोर्टचा वेग सांगणारी 'ईथटूल ईथ०' ही कमांड चालवली. स्पीड: १००. ३बी चा पोर्टच तेवढा! (पुढचं मॉडेल ३बी प्लस, त्याचा पोर्ट यूएसबी २ वरून चालतो आणि साधारण ३०० लाच थांबतो, म्हणून तोही नको.) मग पाय ४ घ्यायचा ठरवला.

आधी जुन्या पायवरच सिस्टिम अपडेट केली. कार्डवरची फार जुनी सिस्टिम (इमेज) पाय ४ वर सुरूच होत नाही. मग जुना पाय बंद करून त्याचं मेमरी कार्ड पाय ४ मध्ये घातलं, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला, मोबाइलचा चार्जर नाही. पुन्हा ईथटूल: १०००. टेस्ट आता २९० दाखवते.