छोट्या देशाचा हेलिकॉप्टर ताफा बदलताना या चुका टाळा

रत्नागिरीत सैन्यदलांच्या मुलाखतींची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा आमचा एक छोटा अभ्यासगट आहे. नव्या तुकडीला मी ठरलेला गृहपाठ देतो. एक काल्पनिक बेटांचा देश घ्या. कोकणाएवढा किनारा, कोकणासारखाच पाऊस, मासेमारीवर जगणारी माणसं, आणि ताफ्यात म्हातारी झालेली आठ ह्युई हेलिकॉप्टरं. त्यांच्या जागी काय घ्याल, ते कारणांसह लिहा. वह्या तपासायला बसलं की त्याच त्या चुका पुन्हा समोर येतात. मुलांना दोष द्यावा असं त्यात काही नाही, कारण याच चुका खऱ्याखुऱ्या देशांच्या संरक्षण खात्यांनी केल्या आणि त्यापायी अब्जावधी घालवले. माझी नोकरी नौदलाच्या हँगरमध्ये गेली. त्यामुळे मी हेलिकॉप्टरकडे खालून, हातात पाना धरून बघतो. हा लेख त्याच नजरेनं लिहिला आहे.

माहितीपत्रकातला आकडा आपल्या हवेत तपासला नाही

सगळे जण आधी तक्ता आखतात. वेग, पल्ला, किती माणसं बसतात, किती वजन उचलतं. हे आकडे बहुतेक वेळा समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमान धरून दिलेले असतात. मे महिन्यात रत्नागिरीत पारा सहज ३४ वर जातो. गरम हवा विरळ असते, तिच्यात पात्यांना पकड कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही उतरते. वैमानिकांचा ढोबळ हिशेब असा: प्रमाण तापमानाच्या वरच्या दर अंशाला सुमारे १२० फूट उंची धरायची. इथे १९ अंश जास्त, म्हणजे १९ गुणिले १२०, म्हणजे २,२८० फूट. मिऱ्याच्या किनाऱ्यावर उभं असलेलं यंत्र हवेच्या दृष्टीनं जवळपास २,३०० फुटांवर उभं असतं. शिवाय दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी, त्यामुळे अजून थोडी घट धरावी लागते.

आता त्याला खरं काम द्या. बुडत्या होडीच्या वर एका जागी स्थिर राहायचं आणि विंचने एकेक खलाशी वर घ्यायचा. पुढे उडताना जेवढी ताकद लागते, त्याहून कितीतरी जास्त ताकद असं लटकून राहायला लागते. जमिनीलगत पात्यांखाली दाबली गेलेली हवा थोडा आधार देते. लाटांच्या वर उंचावर थांबलं की तोही जातो. कागदावर बारा माणसं उचलणारं हेलिकॉप्टर अशा वेळी पाच माणसं घेऊन परतलं, तर त्यात यंत्राचा दोष नाही. तो प्रश्न खरेदीआधी कुणी विचारलाच नव्हता.

म्हणून विक्रेत्याला एकच सविस्तर प्रश्न लेखी द्यावा: ३५ अंश तापमान, भरपूर दमटपणा, किनाऱ्यापासून १०० किलोमीटरवर अर्धा तास स्थिर थांबणं, परतीचं इंधन आणि वर थोडी राखीव, सांगा, किती जणांना घेऊन याल? उत्तर आलं की ते आपल्या वैमानिकांकडून आपल्याच किनाऱ्यावर उडवून तपासून घ्यावं.

अफगाणिस्तानात हा धडा डोंगरात मिळाला. तिथल्या हवाई दलाकडची रशियन एमआय-१७ काढून अमेरिकी ब्लॅक हॉक द्यायचं ठरलं. ब्लॅक हॉक उत्तमच यंत्र आहे. पण ते एमआय-१७ एवढं ओझं वाहत नाही आणि तेवढ्या उंचीवरची काही कामं करू शकत नाही, हे अमेरिकेच्याच तपासणी अहवालांत नोंदलं गेलं.

खारा वारा हिशेबात धरला नाही

या चुकीवर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवतो. किनाऱ्यावर घर असलेल्या कुणालाही खिडकीच्या गजांचं काय होतं ते माहीत आहे. हेलिकॉप्टरमध्ये तेच घडतं, फक्त दिसत नाही अशा जागी. गिअरबॉक्सचं आवरण अनेकदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. त्यावरच्या रंगाचा टवका उडाला आणि लक्ष गेलं नाही, तर खाली पांढरी भुकटी धरते आणि धातूला खड्डे पडतात. दोन वेगळे धातू जिथे एकमेकांना टेकतात तिथे गंज आधी लागतो. विजेच्या जोडण्या उघडल्या की पिनांवर हिरवट थर दिसतो. मग एखादा इशारा-दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. अशा 'कधी कधी' येणाऱ्या बिघाडामागे तंत्रज्ञांचे दिवसच्या दिवस जातात.

यावरचा उपाय कष्टाचा आहे. समुद्रावरून आलेलं यंत्र त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवायचं, इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून पाणी फिरवायचं, वाळवायचं, संरक्षक तेल मारायचं. मुलं तळासाठी जागा निवडतात, धावपट्टी आखतात, पण पाणी कुठून आणणार हे लिहीत नाहीत. एप्रिल-मेमध्ये ज्या गावाला टँकर लागतो, तिथे हेलिकॉप्टर धुवायला रोज गोडं पाणी कुठून येणार? बेटांच्या देशात हा प्रश्न खरेदीच्या पहिल्या बैठकीतच यायला हवा, आणि हँगरच्या दारांचा, छपराचा, आतली हवा कोरडी ठेवण्याचा खर्चही हेलिकॉप्टरच्या किमतीतच धरायला हवा.

विकत घेतलेली यंत्रं मोजली, उडणारे तास मोजले नाहीत

"सर, सहा घेतली तर सहा उडतील ना?" एका मुलीनं विचारलं होतं.

नाही गं. सहापैकी एक मोठ्या सर्व्हिसिंगसाठी काही महिने उघडून ठेवलेलं असणार. एक छोट्या तपासणीत, नाहीतर कुठल्याशा सुट्या भागाची वाट बघत. एक नव्या वैमानिकांच्या सरावाला. उरली तीन. दोन तळांवर चोवीस तास एकेक सज्ज ठेवलं की हाताशी एकच राखीव राहतं. २२ जुलै २०२१ आठवा. चिपळूण पाण्याखाली, महाडजवळ तळियेवर दरड. तेव्हा नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दल अशी तिन्ही दलांची हेलिकॉप्टरं कोकणासाठी निघाली. छोट्या देशाला अशी दुसरी-तिसरी फळी नसते.

नॉर्वेनं २००१ मध्ये तटरक्षक दल आणि युद्धनौकांसाठी एनएच-९० ही युरोपीय बनावटीची १४ हेलिकॉप्टरं मागवली. २००८ पर्यंत ती यायची होती. २०२२ उजाडलं तरी पूर्ण कामाच्या अवस्थेत आठच मिळाली होती. वर्षाला ३,९०० तास उड्डाणांची गरज होती, प्रत्यक्षात ताफा सरासरी ७०० च्या आसपास तास उडत होता. जून २०२२ मध्ये नॉर्वेनं करारच रद्द केला आणि पुढच्या वर्षी सहा अमेरिकी सीहॉक हेलिकॉप्टरं मागवली. त्याच एनएच-९० ची वाहतुकीची आवृत्ती न्यूझीलंड आजही उडवतं. त्यांनी आठ उडवायला घेतली आणि नववं निव्वळ सुट्या भागांसाठी. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. दूरच्या कारखान्याला फोन करत बसण्यापेक्षा भाग आपल्या दारात असलेला बरा.

"आमच्यासाठी खास बदल करून द्या"

छोट्या ताफ्यात खास बदल म्हणजे जगात फक्त आपल्याकडे असलेला बिघाड. ऑस्ट्रेलियानं १९९७ मध्ये जुन्या सांगाड्यांवर नवी, फक्त त्यांच्यासाठीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवून ११ सुपर सीस्प्राइट ही नौदलाची हेलिकॉप्टरं मागवली. सॉफ्टवेअर आणि उड्डाण-नियंत्रणाच्या अडचणी मिटल्या नाहीत. २००८ मध्ये एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त खर्चून प्रकल्प बंद केला. स्वीडननंही एनएच-९० मध्ये आपल्या पसंतीचे बदल मागितले, त्यात केबिनची उंची वाढवणंही होतं. वर्षं गेली, यंत्रं हवी तशी मिळेनात. शेवटी २०११ मध्ये त्यांनी अमेरिकी सैन्य वापरतं तशीच १५ ब्लॅक हॉक घेतली आणि २०१३ मध्ये ती अफगाणिस्तानात जखमींना नेण्याचं काम करू लागली.

शेकडो यंत्रं जशी उडत आहेत तशीच घ्यावीत. रंग आपला, रेडिओ आपला, आणि तिथे थांबावं.

यंत्र आलं, माणसं तयार झाली नाहीत

भारतानं मालदीवला स्वदेशी बनावटीची दोन ध्रुव हेलिकॉप्टरं दिली, २०१० आणि २०१३ मध्ये. आपल्याच अरबी समुद्रातली ही बेटं. आजाऱ्याला वेळेत राजधानीला पोचवायचं तर मधे पाणीच पाणी. त्या यंत्रांनी रुग्ण वाहिले, जीव वाचवले. पण चालवणारी आणि दुरुस्त करणारी माणसं भारतीयच राहिली. मे २०२४ मध्ये भारतीय सैनिक परत आले, त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. तेव्हा मालदीवच्या संरक्षणमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं की ही विमानं चालवू शकतील असे लोक आपल्या दलात नाहीत. अफगाणिस्तानात एमआय-१७ ची बरीच देखभाल स्थानिक मेकॅनिक स्वतः करत, ब्लॅक हॉकसाठी मात्र परदेशी कंत्राटदारांवर भिस्त होती. २०२१ मध्ये कंत्राटदार निघून गेले आणि हँगर ओस पडले.

चांगला हेलिकॉप्टर तंत्रज्ञ एका वर्षात घडत नाही. स्वतःच्या सहीनं यंत्र उड्डाणाला सोडण्याइतका विश्वास यायला पाच-सहा वर्षं सहज लागतात. म्हणून मुलं आधी प्रशिक्षणाला पाठवा, हेलिकॉप्टर नंतर आणा. आणि परतलेल्यांना असा पगार द्या की ती खासगी कंपनीत जाणार नाहीत.

विकणाऱ्याचं राजकारण

इथे फिलिपिन्सचं उदाहरण पुरे. कॅनडाकडून १६ बेल-४१२ हेलिकॉप्टरं घ्यायचं ठरलं. त्यांचा लष्करी वापर होणार यावरून तिथे वाद झाला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये फिलिपिन्सनं करार मोडला. मग रशियाकडून १६ एमआय-१७. युक्रेन युद्ध सुरू झालं आणि २०२२ मध्ये निर्बंधांच्या भीतीनं तोही गेला. प्रत्यक्षात आली ती पोलंडमध्ये बनणारी ब्लॅक हॉक, आधी १६, नंतर आणखी ३२ चा करार.

याला जोडूनच एक गोष्ट. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तिघांचा जीव गेला आणि देशातली तीनशेहून जास्त ध्रुव जमिनीवर थांबवली गेली, तीही काही महिने. भारताकडे चेतक, एमआय-१७ होती, म्हणून काम चाललं. ज्या देशाकडे एकाच जातीची सहा आहेत, त्याची सहाही त्या दिवशी थांबतील. तरी दोन जाती ठेवा असं मी म्हणत नाही. भाग, सिम्युलेटर, प्रशिक्षण सगळं दुप्पट होतं. त्यापेक्षा किनाऱ्यावरच्या नागरी हेलिकॉप्टर कंपनीशी आणीबाणीचा भाडेकरार आधीच करून ठेवणं परवडतं.

चूक होऊन गेली असेल तर

ताफा आला आहे, पण उडत नाही. अशा वेळी नवी खरेदी सुचवणारे लगेच भेटतात. आधी फळ्यावर तीन रकाने आखा: भागाची वाट बघणारी, माणसांची वाट बघणारी, ठरलेल्या तपासणीत असलेली. महिनाभर रोज सकाळी भरा. दुखणं कुठे आहे ते कळतं.

भागांचा रकाना मोठा असेल तर यादी काढा. बहुतेकदा मोजकेच भाग सगळा खोळंबा करत असतात. तेवढ्यांचा साठा करा. एका यंत्राचा भाग काढून दुसऱ्याला लावायची सवय मात्र लागू देऊ नका. काम दुप्पट होतं, काढताना नवं काहीतरी मोडतं, आणि नोंद चुकली तर त्या भागाचं उरलेलं आयुष्य कुणालाच सांगता येत नाही.

तपासणीचा रकाना फुगला असेल तर उड्डाणाचे तास बघा. सगळी हेलिकॉप्टरं सारखीच उडवली की सगळ्यांची मोठी तपासणी एकाच वेळी येते. म्हणून तास मुद्दाम असमान वाटायचे, एक पुढे, एक मागे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. किनारी देशानं मोठी सर्व्हिसिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावी आणि वादळांच्या आधी, मे उजाडताना, जास्तीत जास्त यंत्रं दारात उभी करावीत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा पावसाळा नीट सुरूही झाला नव्हता.

माणसांचा रकाना मोठा असेल तर लवकरचा उपाय नाही. निवृत्त तंत्रज्ञांना करारावर बोलवा आणि त्यांच्या हाताखाली नवी मुलं द्या.

शेवटची चूक जुन्या यंत्रांची. नवं आलं की जुनं काढायची घाई होते, कारण तिथला पैसा सुटतो. न्यूझीलंडचं पहिलं एनएच-९० २०११ च्या अखेरीस पोचलं, पण १९६६ पासून उडणारी ह्युई त्यांनी २०१५ पर्यंत निवृत्त केली नाहीत. माझ्या मुलांच्या वेळापत्रकात या दोन घटनांमध्ये जेमतेम सहा महिने असतात. मी ते खोडून तीन वर्षं लिहितो, आणि त्या तीन वर्षांच्या जुन्या सुट्या भागांचे पैसेही अंदाजपत्रकात वाढवायला लावतो.