आडनावाचा माग काढताय? मग हे आधी वाचा

आडनाव टाकून सर्च मारला आणि हजारो रिझल्ट आले म्हणून लगेच खूश होऊ नका, ती सगळी आपली माणसं नसतात. धंद्यावरून नाहीतर गावावरून पडलेलं आडनाव दहा ठिकाणी दहा वेगळ्या घरांना पडलेलं असतं आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. म्हणून आडनावाच्या मागे न लागता एकेका माणसाच्या मागे लागायचं, आणि तेही आपल्यापासून उलटं, आई-बाबा, आजी-आजोबा, पणजोबा असं, आणि प्रत्येक पायरीला एक तरी कागद हातात पाहिजे. कुणीतरी थोर पूर्वज पकडून तिथून खाली यायला गेलात की हमखास भलत्याच घरात शिरता.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र आजच फोन करा. रेकॉर्ड थांबतील, ती थांबणार नाहीत.

आता स्पेलिंग. जुना कारकून कानाला आलं तसं लिहायचा, त्यामुळे एकाच माणसाचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने सापडतं. यासाठी साउंडेक्स नावाची पद्धत आहे, १९१८ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट झालं, आणि त्यात स्वर गाळून उच्चारावरून कोड बनतो, म्हणजे स्मिथ, स्मायथ आणि श्मिट या तिघांचाही कोड एस ५३० च. पण पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवतात, म्हणून सी ने लिहिलेला क्रेमर आणि के ने लिहिलेला क्रेमर वेगवेगळे पडतात, ते दोन्ही तुम्हालाच शोधावे लागतात.

सुरुवातीला फॅमिलीसर्च ही जुन्या रेकॉर्डची वेबसाइट बघा, फुकट आहे, फक्त अकाउंट काढावं लागतं. नावाने काही सापडलं नाही तर लगेच हार मानू नका, बऱ्याच स्कॅनची नावांची सूची झालेलीच नसते, ठिकाणाने कॅटलॉग उघडून पान पान चाळावं लागतं. आणि इंग्लंडमधल्या १७५२ च्या आधीच्या तारखा बघताना सावध, तिथे वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे नोव्हेंबर १७४० नंतर फेब्रुवारी १७४० येतो. लग्नाआधीच माणूस मेलेला दिसला तर आधी हे तपासा.

काही वेळा रेकॉर्डच उरलेलं नसतं. अमेरिकेची १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीमुळे जवळजवळ सगळी गेली, १८८० नंतर एकदम १९००. ही वीस वर्षं भरायला जुने पेपर लागतात, आणि खरी मजा तिथेच आहे.

जुन्या पेपरांच्या वेबसाइट म्हणजे अमेरिकेसाठी क्रॉनिकलिंग अमेरिका, ऑस्ट्रेलियासाठी ट्रोव्ह, न्यूझीलंडसाठी पेपर्स पास्ट, तिन्ही फुकट. फक्त एक लक्षात घ्या, तिथला सर्च कॉम्प्युटरने वाचलेल्या मजकुरावर चालतो आणि फिकट छपाई वाचताना कॉम्प्युटर आर आणि एन चिकटवून एम करतो, म्हणजे आर्नोल्ड शोधत असाल तर अमोल्डही टाकून बघा. फारच जुना पेपर असेल तर लांब शेपटीचा एस त्याला एफ वाटतो, जेसपचा जेफप होतो. आडनावाने जमलं नाही तर गावाचं नाव आणि धंदा टाका, आडनाव टाकूच नका, मी निम्मी माणसं अशीच पकडली आहेत.

बायकांची नावं तर गायबच असतात, लग्न झालं की पेपरात मिसेस आणि पुढे नवऱ्याचं नाव, त्यामुळे नवऱ्याच्या नावानेही शोधा. मृत्यूच्या बातमीत लेकींची सासरची आडनावं आणि गावं मिळतात, म्हणून ती शेवटपर्यंत वाचायची. तारखेपुढे इन्स्ट. असेल तर याच महिन्यातली, अल्ट. असेल तर मागच्या महिन्यातली. म्हणजे ३ मेच्या अंकात २८ अल्ट. दिसलं की २८ एप्रिल. पोस्टात पडून राहिलेल्या पत्रांच्या याद्यासुद्धा छापायचे, त्यात नाव दिसलं तर निदान कुणालातरी तो त्या गावात आहे असं वाटत होतं एवढं कळतं.

माझा सगळ्यात मोठा घोळ पण पेपरनेच उघडा पाडला. दोन चुलत भाऊ, दोघांनाही आजोबांचंच नाव, गाव एक, वयात जेमतेम वर्षाचं अंतर, आणि मी दोघांना एकच माणूस समजून चार महिने वंशाचं झाड वाढवत बसलो. मग एका अंकात हा माणूस घर विकायला काढतोय अशी जाहिरात दिसली, आणि माझ्या झाडात तो दोन वर्षांपूर्वीच मेला होता. अख्खी फांदी उपटावी लागली.

तेव्हापासून प्रत्येक कात्रणाखाली पेपरचं नाव, तारीख, पान आणि कॉलम लिहितो, आणि कुठल्या स्पेलिंगने शोधून काहीच मिळालं नाही तेही लिहितो, नाहीतर सहा महिन्यांनी तोच सर्च पुन्हा मारत बसतो आपण.