ग्रुप ओस का पडतो? ॲडमिन, या चुका टाळा

व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणारे शेवटपर्यंत टिकतात. निघून जातात ती कामाचं बोलणारी माणसं, आणि ग्रुप ओस पडतो तो त्यांच्या जाण्याने. सोसायटीचे, गावाचे, शाळेचे ग्रुप सांभाळताना मला पुन्हा पुन्हा त्याच चुका दिसतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे "कृपया सर्वांनी शांतता राखावी" हा मेसेज. एकाने शिवी दिली, दुसरीने ती ऐकून घेतली, आणि समज मात्र दोघांना! ओळखीतल्या एका माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एका मैत्रिणीने निवडणुकीबद्दल दोन ओळी लिहिल्या. एक गृहस्थ थेट तिच्या जातीवर आणि घरावर घसरले. मग रात्री-अपरात्री पर्सनलवर मेसेज सुरू झाले. तिने स्क्रीनशॉट ॲडमिनला पाठवले. उत्तर आलं, "आपापसात मिटवा, ग्रुपवर राजकारण नको." ती बाहेर पडली. मागोमाग बाकीच्या मुलीही एकेक करून गेल्या. २०२२ पासून ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, त्यामुळे बाकीच्यांच्या ते लक्षातही आलं नाही. गेट-टुगेदर ठरवणाऱ्या, आजारी मित्रासाठी पैसे गोळा करणाऱ्या त्याच होत्या. आता तिथे ते गृहस्थ आणि त्यांचे फॉरवर्ड उरलेत.

माझी पद्धत साधी आहे. आधी तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायचा; ॲडमिनला तशी सोय आहे. मग त्या माणसाला फोन करायचा. फोनच, कारण लिहून समजावायला गेलं की तो ग्रुपसमोर हटून बसतो. पुन्हा तेच केलं तर काढून टाकायचं आणि का काढलं ते ग्रुपवर एका ओळीत सांगायचं. "जुना मित्र आहे हो" हे कारण मी ऐकत नाही. तीही जुनीच मैत्रीण असते.

दुसरी चूक नव्या, उतावळ्या ॲडमिनची: वाद झाला की "फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील" हे बटण दाबून मोकळं होणं. पुष्कळदा यामागे पोलिसांची भीती असते. दुसऱ्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलं आहे. एकाला आवरायचं धैर्य नाही म्हणून सगळ्यांची तोंडं बंद करणं मला अजिबात पटत नाही.

अफवेकडे दुर्लक्ष करू नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. मी मात्र अजूनही प्रत्येकाला विचारतो, "हे तू स्वतः पाहिलंस का?" उत्तर आलं नाही की मेसेज काढतो.

न विचारता कुणाचा नंबर जोडू नका. सगळे ॲडमिन एकाच पक्षाचे नकोत. १०२४ जण मावतात म्हणून भरती करू नका.

आणि ग्रुप इन्फोमध्ये गेल्या ६० दिवसांत कोण बाहेर पडलं ते दिसतं. ती यादी उघडा, त्यातल्या एकाला तरी फोन लावा. परत या म्हणून गळ घालू नका. का गेलात, एवढंच विचारा आणि मधे न बोलता ऐका.