गेम लावला की पीसी बंद पडतो? रॅमला शिव्या घालायच्या आधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय) बघा

माझ्या चुलतभावाचा पीसी. यूट्यूब, एक्सेल सगळं मस्त चालायचं, गेम लावला की दहा मिनिटात खटकन रीस्टार्ट. आम्ही विंडोज परत टाकली, रॅमच्या पट्ट्यांना खोडरबर घासला, मित्राची रॅम आणून लावली, दोन आठवडे असेच गेले आणि शेवटी चोर निघाला कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस.

त्याच्यावर मोठ्ठं 450 वॅट लिहिलेलं. बाजूचा स्टिकर वाचला तर 12 व्होल्टला फक्त 16 अँपिअर, म्हणजे 192 वॅट! सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळं 12 व्होल्टवरूनच ओढतात, मग ते 450 काय चाटायचेत? घेताना आधी हा आकडा बघा. आणि 80 प्लसचा शिक्का म्हणजे वीज किती वाया जाते त्याचा हिशोब, क्वालिटीची गॅरंटी नाही.

दुसरी चूक आम्हीच केली, मल्टिमीटर लावला, 12.1 दिसलं, म्हटलं सप्लाय ओके. अरे पण तेव्हा पीसी नुसता बसलेला होता ना. 11.4 ते 12.6 ही रेंज लोड असताना टिकायला हवी. त्यात रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली बारीक थरथर, 12 व्होल्टला 120 मिलिव्होल्टच्या आत पाहिजे आणि ती मीटरच्या डीसी रीडिंगमध्ये कळतच नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. कपॅसिटर सुकले की ही थरथर वाढते. घरी सोपा उपाय एकच, कुणाचातरी चांगला एसएमपीएस लावून तोच गेम चालवून बघायचा.

तो बदलताना मात्र केबलीसकट बदला!! मॉड्युलर, म्हणजे केबली काढता-घालता येणाऱ्या एसएमपीएसमध्ये केबलीच्या एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांना काही स्टँडर्ड नाही, जुनी केबल नव्यात फिट बसते पण आतली वायरिंग वेगळी निघाली तर एसएसडीच्या 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट जातात आणि डेटासकट सगळं स्वाहा. मोलेक्सवरून (जुना 4 पिनवाला कनेक्टर) ग्राफिक्स कार्डाचा 8 पिन करणारे कन्व्हर्टरपण नकोच, त्या 8 पिनमधून कार्ड 150 वॅटपर्यंत ओढू शकतं, एवढा भार मोलेक्सवर नको.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? मग बहुतेक अर्थिंग नाहीये, किंवा कुणीतरी टू-पिन अडॅप्टर लावून तिसरी पिन बाद केलीय. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर अर्थिंग नसलं की बॉडीवर साधारण 115 व्होल्ट आणून ठेवतात, करंट बारीक असतो म्हणून नुसता झिणझिण्यांवर भागतं. हे मात्र नवीन एसएमपीएस आणून जाणार नाही, वायरमनलाच बोलवा.